नववी खुर्ची

मी प्रश्न विचारत होतो आणि टकटक थांबली.

एवढंच झालं. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, बरं, मग? पण आमच्या कोर्टात टाइपिस्ट बाईंच्या यंत्राची टकटक ही काही साधीसुधी टकटक नाही. इथे जो कोणी तोंड उघडेल त्याच्या पाठोपाठ ती चालते. वकील असो, न्यायमूर्ती असो, ती कुणाला लहानमोठं करत नाही. इतकी वर्षं मी तिच्या सोबतीने बोलत आलोय. छपरावर पाऊस पडत असला की घरातली माणसं त्याच्याकडे लक्ष देत नाहीत, पण तो थांबला की सगळे मान वर करतात, तशी मी मान वर केली. खटला पुलाचा होता. दोन शहरांच्या मधला पूल, तो पडला, आणि तो कुणाचा यावर दोन्ही शहरं भांडत वरपर्यंत आली होती. उभा होता तोवर दोघांचा होता, पडल्यावर कुणाचाच नाही. मी पुढे वाकून विचारलं होतं, "पूल पडला तेव्हा त्याच्यावर कुणी होतं का?" आणि वकील अदबीने म्हणाला होता, "कुणी नव्हतं, न्यायमूर्ती. एक कुत्रं होतं, ते पोहून काठाला आलं." सगळे हसले. माझे आठ सहकारी हसले, समोरचा वकील हसला, मागच्या बाकांवरचे पत्रकार हसले. आणि टाइपिस्ट बाईंचे दोन्ही हात मांडीत होते, एकावर एक, देवळाबाहेर चपला सांभाळत बसलेल्या बाईसारखे निवांत. मग वकील पुढच्या मुद्द्याकडे वळला, बाईंचे हात वर आले, टकटक सुरू झाली, आणि मला कळलं. हे मी आधी विचारलं होतं. त्याने आधी उत्तर दिलं होतं. ते कुत्रं आधीच एकदा पोहून आलेलं होतं.

मला खरं तर त्या हसण्यावरूनच कळायला हवं होतं. मी जन्मभर गोष्टी सांगत आलोय, बहुतेक थापा, आणि थापा मारणाऱ्याला हसण्यातलं कळतं. पहिल्यांदा हसणारा माणूस गमतीनंतर हसतो. दुसऱ्यांदा हसणारा किंचित आधी हसतो. पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळे ओठ तयार ठेवून बसलेला असतो. आज सगळं दालन किंचित आधी हसलं होतं. एवढी माणसं, एकाच वेळी, आणि एकानेही भुवई उचलली नाही. या देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट आहे हे, इथली सभ्यता काय विचारता.

आता बाहेर काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर एका म्हाताऱ्याने एक प्रश्न दोनदा विचारला यात विशेष काही उरत नाही. आम्ही नऊ. एकदा नेमलं की मरेपर्यंत, किंवा स्वतःहून उठून जाईपर्यंत. आणि स्वतःहून उठलेला माझ्या आठवणीत कुणी नाही. सरकारने आणलेल्या नव्या कायद्यात दोन गोष्टी होत्या: नवाचे पंधरा करायचे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना निरोप द्यायचा. पंचाहत्तरीच्या पुढचा आमच्यात एकटा मीच. त्यामुळे सगळा देश आपल्याबद्दल बोलतोय असं जे म्हाताऱ्यांना उगाच वाटतं, ते माझ्या बाबतीत खरंच घडत होतं. न्हाव्याकडे गेलो तर रेडिओवर मीच. कोर्टासमोरच्या चौकात दोन्ही बाजूंची माणसं यायची. पंधरावाले घरून खरोखरीच्या सहा रिकाम्या खुर्च्या घेऊन यायचे, स्वयंपाकघरातल्या, एखादीचा पाय डुगडुगणारा. घोषणा देऊन दमले की त्याच खुर्च्यांवर बसून डबा खायचे. नऊवाले नऊ बोटं वर धरून उभे राहायचे, एक अंगठा मुडपून. आणि तासाभराने त्या मुडपलेल्या अंगठ्याला कळ लागली की हळूच हात बदलायचे. मला दोन्ही बाजू आवडायच्या. कायदा पुढच्याच आठवड्यात मताला येणार होता, आणि तो तपासणाऱ्या संसदेच्या समितीच्या अध्यक्षांनी उघड सांगून टाकलं होतं: न्यायालय एकमुखाने नको म्हणालं तर आम्ही मागे घेऊ. एकमुखाने म्हणजे नवाच्या नवांनी. आमच्यात जुना रिवाज असा की निकालात वाटेल तेवढे फाटे फुटोत, कोर्टाने बाहेर तोंड उघडायचं तर नऊही जणांनी मान्य करायला हवं, नाहीतर तोंड बंद. त्या दुपारी आम्ही त्याचसाठी बसणार होतो.

सकाळी बायकोने चहा पुढे ठेवत विचारलं होतं, "तुम्हाला म्हणे पंधरा करणार?"

"मला नाही. आम्हाला."

"तेच ते. आणि तुम्हाला घरी पाठवणार."

"हं."

"मग मी कुठे जाऊ?" ती म्हणाली. "दिवसभर तुमच्या गोष्टी ऐकायच्या म्हणजे मला पगारी माणूस ठेवावा लागेल."

मी म्हटलं, "पेपर आला का?"

"आत्ताच विचारलंत. हातात आहे तुमच्या."

या 'आत्ताच विचारलंत'चा मला अलीकडे राग येऊ लागला होता. मला वाटायचं, बाई वयाने तिरसट झाली. गुडघे दुखतात, झोप होत नाही, त्याचा राग माझ्यावर. कोर्टात माझं प्रत्येक वाक्य झेललं जातं आणि घरी पेपरचं विचारलं तरी टोमणा. मधल्या सुट्टीत झगा सावरत मी लांबलचक व्हरांड्यातून चाललो होतो, खिडक्यांमधून उन्हाचे चौकोन फरशीवर पडले होते, आणि एकेक चौकोन ओलांडताना मला कळत गेलं की सगळ्या शहरात माझी खरी नोंद ठेवणारी तेवढी एकच बाई होती.

तो व्हरांडा मी पहिल्यांदा चाललो तेव्हा बूट करकरत होते. नवे होते, पायाला लागत होते, आणि बायकोने दोन आकडे मोठे आणलेल्या मोज्यांच्या वळ्या आत टोचत होत्या. आम्ही तेव्हा एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायचो. खाली शिवणयंत्र चाललं की आमच्या कपाटातल्या बशा थरथरायच्या. नेमणुकीची बातमी आली तेव्हा तिने आधी बशा आवरल्या आणि मग रडली. मी या इमारतीत शिरलो तेव्हा मला सगळ्यात जास्त कशाने बुजवलं असेल तर ते न्यायमूर्तींच्या खोलीतल्या गोल मेजाने. दालनात आम्ही ओळीने बसतो, पण दुपारी दार लावून जी चर्चा होते ती या गोल मेजाभोवती. त्या खोलीत नवांशिवाय कुणालाही येता येत नाही, शिपायालाही नाही. म्हणून दार उघडायचं, चहा ओतायचा, खिडकी लावायची, ही कामं वयाने सगळ्यात धाकटा जो असेल त्याची. त्याला सगळे 'धाकटा' म्हणतात आणि सगळ्यात म्हाताऱ्याला 'थोरले', एखाद्या घरातल्यासारखं. बोलायला सुरुवात धाकट्याने करायची, म्हणजे मोठ्यांची मतं ऐकून त्याने माना डोलवू नयेत, आणि शेवट थोरल्यांनी. मेज गोल असल्यामुळे पहिला बोलणारा आणि शेवटचा बोलणारा शेजारीशेजारी येतात. कुणी गेलं की प्रत्येकाने एकेक खुर्ची सरकायचं. म्हणजे इतक्या वर्षांत मी काय केलं, तर एका मेजाभोवती एक फेरी मारली, तीही बसून.

लोक विचारायचे, नऊच का हो? मी प्रत्येकाला वेगळं सांगायचो. एका परदेशी प्राध्यापकाला मी सांगितलं की पहिल्या मुख्य न्यायमूर्तींच्या सासूबाईंकडे ताटं नऊ होती आणि जावयाने दहावा माणूस जेवायला आणला तर त्या जावयाच्याच ताटात जेवत. एका मंत्र्याला सांगितलं, सुताराकडचं लाकूड संपलं. एका लग्नात नवऱ्या मुलीच्या काकांना सांगितलं की मुळात दहा होते, पण दहावा अजून निकाल लिहितोय, तळघरात आहे, आम्ही अधूनमधून मेणबत्त्या पाठवतो. खरं कारण कुणालाच माहीत नाही. मला वाटतं कुणीतरी नऊ म्हणालं आणि बाकीच्यांना भूक लागली होती.

पण ते पहिले नऊ! म्हणजे मी आलो तेव्हाचे. आता त्यांच्यातला मी एकटाच उरलोय, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी काहीही सांगू शकतो आणि सांगतोही. एकाला बारमाही सर्दी, म्हणून त्याचं नावच 'सर्दी'. त्याची शिंक एकदा वकिलाला मनाई हुकूम वाटली आणि तो अशील घेऊन निघून गेला, असं मी सांगतो. एकाला आम्ही 'कुलूप' म्हणायचो, कारण तो वर्षातून एकदा बोलायचा आणि नेमका तेव्हा चुकीचं. ते भांडायचे. काय भांडायचे! एकदा शाईची दौत भिरकावली गेली. माझ्या गोष्टीत ती खिडकीतून जाऊन खालून चाललेल्या एका मंत्र्याच्या टोपीवर पडते. खरं तर ती मेजावरच कलंडली आणि सर्दीच्या बाहीवर ओघळली. दार लावलेलं, खिडकीच्या काचांवर आमच्याच श्वासांची वाफ, चिरुटाचा आणि ओल्या लोकरीचा वास, आणि एकाच वेळी पाच-सहा जण उठून उभे. मी कोपऱ्यात किटली धरून. माझ्या पहिल्या चहाचा घोट घेऊन त्या वेळचे थोरले म्हणाले, "काय रे धाकट्या, हा चहा आहे की विरोधी मत?" सगळे इतके हसले की भांडण मोडलं, आणि हसणं संपल्यावर होतं तिथून पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी घरी जाताना मी ट्राम सोडून चालत गेलो. मला वाटत होतं, आपण अशा जागी पोचलोय जिथे नऊ माणसं एका वाक्यासाठी घसा बसवतात. मी बायकोला सांगितलं, ती म्हणाली, मग तुम्ही काय बोललात? मी म्हटलं, साखर किती, एवढंच. तरी मी आनंदाने वेडा झालो होतो.

ते थोरले माझ्या डाव्या हाताला बसायचे. पांढऱ्या भुवया इतक्या वाढलेल्या की वाचताना वर सारून धराव्या लागायच्या. पुढे पुढे त्यांचा हात कापू लागला, म्हणून मी त्यांचा कप अर्धाच भरायचो. मग ते तेच तेच बोलू लागले. आधी खोलीतला आवाज उतरला; थोरल्यांपुढे कुणी ओरडेनासं झालं. मग कुणी त्यांना तोडेनासं झालं. त्या वेळच्या मुख्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सांभाळून घ्यायचं त्यांना. एखाद्या वर्षाचा तर प्रश्न आहे." मला ते फार सुंदर वाटलं होतं, ते सांभाळून घेणं; आपल्या घरी वडिलांना कुणी असं सांभाळलं नाही असंही वाटून गेलं. एखाद्या वर्षाची बरीच वर्षं झाली. एका दुपारी ते माझा दंड धरून बाहेरच्या पायऱ्या उतरत होते, एकेक पायरी चाचपत, आणि मधेच थांबून म्हणाले, "धाकट्या, मला एक सांग. हे लोक माझं ऐकतात, का नुसतं ऐकून घेतात?" मी म्हटलं, "ऐकतात की!" त्यांनी भुवया सारून माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "बरं," म्हणाले, आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला. थापा मारणाऱ्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात छोटी थाप असेल. ते खुर्चीत असतानाच गेले, कोर्टाचा मान म्हणून झेंडा उतरवला, आणि आम्ही सगळे एकेक खुर्ची सरकलो.

मी खोलीत आलो तेव्हा बाकीचे बसले होते. आताची खोली शांत आहे. चिरूट बंद झाले, खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, चौकातल्या घोषणा आत येईपर्यंत गुणगुण होऊन येतात. सगळे मला पाहून अर्धवट उठले. धाकटी किटली घेऊन आली. आताची धाकटी म्हणजे चांगली पन्नाशी ओलांडलेली बाई, लेकीचं लग्न झालेलं, पूर्वी सरकारी वकील होती; आवाज असा की साक्षीदारांना घाम फुटायचा. माझ्याशी मात्र अगदी हळू बोलते. तिने माझा कप पुढे ठेवला, मी आभार मानले, आणि खाली बघितलं. अर्धा होता.

मी हात मेजाखाली घेतले आणि एकमेकांत धरून ठेवले. कापत होते की नाही ते मला कळेना. दोन्ही हात आपलेच असले की कोण कापतंय ते सांगता येत नाही.

मुख्यांनी सुरुवात केली. मुख्य म्हणजे आताचे मुख्य न्यायमूर्ती, गोरेगोमटे, मऊ, कुठल्याही गोष्टीला 'अगदी बरोबर, परंतु' म्हणणारे. निवेदनाचा मसुदा आमच्यातल्या एकाने लिहिला होता, त्याला आम्ही 'तळटीप' म्हणतो, कारण त्याच्या निकालात वर तीन ओळी आणि खाली सगळं पान असतं. तळटीपाने वाचून दाखवलं. छान होतं. नवांची परंपरा, सरकार बदललं की खुर्च्या वाढवण्याचा पायंडा पडेल, आज पंधरा तर उद्या एकवीस, सगळं होतं आणि त्यातलं बरंचसं मला पटत होतं. मग एक वाक्य आलं: 'हे न्यायालय आपल्यातील उणिवा स्वतः पाहते आणि स्वतः दूर करते.' तळटीप तिथे जरा थांबला, स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन. मी त्या वाक्याकडे बघत राहिलो. दुपारचं ऊन मेजावर आलं होतं.

"धाकट्यापासून," मुख्य म्हणाले.

"सही करते," धाकटी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मग फेरी पुढे सरकली. करतो. करतो. एकाने नुसतीच होकारार्थी मान हलवली. तळटीप स्वतःच्या मसुद्याच्या बाजूने बरंच बोलला. अर्थातच करतो. मुख्य म्हणाले, "अगदी बरोबर. परंतु मी तर करणारच." आणि सगळे माझ्याकडे वळले, हसऱ्या तोंडाने, जसं घरात केक कापायच्या आधी आजोबांकडे वळतात. सहीचं पेन तर आधीच टोपण काढून माझ्यासमोर ठेवलेलं होतं.

इथे मला मोठेपणाचा आव आणता येईल, पण खरं सांगतो, मला सही करायची होती. फार करायची होती. ही खोली सोडून मी कुठे जाणार होतो? बायकोने विचारलेला प्रश्न उलटा माझाच होता. सकाळी उठून झगा अंगावर घ्यायचा, तो खांद्यावर पडला की पाठ आपोआप ताठ होते. दालनात शिरताना सगळे उठतात तेव्हा कपड्यांची जी एक सळसळ होते. मेजाच्या कडेचं गुळगुळीत झालेलं लाकूड, ज्यावरून मी इतकी वर्षं अंगठा फिरवलाय. आणि ते सगळे गेलेले, सर्दी, कुलूप, भुवयावाले थोरले, ते दुसरीकडे कुठेच नव्हते, इथेच होते, प्रत्येक खुर्चीत जुना माणूस नव्याच्या मांडीखाली बसल्यासारखा. मी गेलो की त्यांना ओळखणारं या खोलीत कुणी उरणार नव्हतं. नव्यांना कुलूप म्हटलं की दाराचं कुलूप. एक सही केली तर हे सगळं राहणार होतं, मरेपर्यंत. मला कुणी उठवणार नव्हतं, कुणी टोकणारही नव्हतं. मी एकच प्रश्न रोज विचारला असता आणि रोज सगळे हसले असते, किंचित आधी. कुत्रं रोज पोहून आलं असतं. तिकडे टाइपिस्ट बाई हात मांडीत ठेवून बसल्या असत्या. माझी कितीतरी वाक्यं अशी कुठेच न उतरता हवेत विरली असतील, आणि मी मात्र आपण बोललो म्हणून समाधानाने घरी गेलो असेन. मी किती दिवसांपासून नव्हतो इथे?

"थोरले?" मुख्य म्हणाले.

मी म्हटलं, "एक विचारतो. आज सकाळी मी एकच प्रश्न दोनदा विचारला. कुणाच्या लक्षात आलं का?"

मग मुख्य म्हणाले, "कुठला बरं? मला तर नाही आठवत."

"मुद्दा कळीचा होता," तळटीप म्हणाला. "पुन्हा विचारला असेल तर योग्यच होतं. मी स्वतः विचारणार होतो."

"छे हो," तिसरं कुणीतरी म्हणालं. "तुम्ही म्हणजे..." आणि वाक्य तिथेच प्रेमाने सोडून दिलं.

मी माझ्या शेजारी वळलो. "इथे आधी धाकट्याने बोलायचं असतं," मी म्हटलं. "मोठ्यांचं ऐकून नाही."

धाकटीने किटलीच्या झाकणावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"तीनदा," ती म्हणाली.

"काय?"

"दोनदा नाही. तीनदा विचारलात."

मी आठवून पाहिलं. मनात सगळीकडे शोधलं, जसं चष्म्यासाठी उशा उचलतात. तिसरा प्रश्न कुठेच नव्हता. तिथे साधं भोकही नव्हतं. वर सगळं नीट शिवून टाकलेलं होतं.

"आणि टाइपिस्ट बाई?"

"त्यांना सांगितलंय तसं," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापासून. तुमचं दुसऱ्यांदा असेल तर घ्यायचं नाही म्हणून."

मुख्यांचा मऊ चेहरा लालभडक झाला. "तुमच्या मानासाठी," ते म्हणाले. "त्यात दुसरं काही नव्हतं हो."

"माहीत आहे," मी म्हटलं. आणि मला खरंच माहीत होतं. माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला माहीत असणार? मी पेनचं टोपण उचललं, पेनाला लावलं, आणि पेन तळटीपाकडे सरकवलं. "मी सही करत नाही. पंधरा चांगले की नऊ चांगले, त्यावर उद्या कुणी मला विचारलं तर मी त्याला दोन्ही बाजूंच्या गोष्टी सांगेन. पण इथे लिहिलंय की आपल्या उणिवा आपण स्वतः पाहतो. मी इथेच बसलोय. कुणी पाहिलं?"

"ते वाक्य काढू!" तळटीप म्हणाला.

"मग बाकीचं कशावर उभं राहतं?"

"अहो थोरले, तुम्हाला कळतंय का काय होईल?" मुख्य उभे राहिले. मी त्यांना कधी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. "आपण गप्प राहिलो की कायदा होणार. तुम्ही महिन्याभरात घरी. आणि ते नवे येतील ते काय न्यायाधीश असतील? सरकारच्या सोयऱ्याधायऱ्यांतले असतील! पुढचं सरकार आणखी सहा आणेल. तुमच्या एका माणसाच्या मनाच्या समाधानासाठी?"

हे खरं होतं. आणि त्यांनी ते मला तोंडावर विचारलं याचं मला नवल वाटत होतं.

"सगळेच सोयरे कशावरून?" धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात तो जुना सरकारी वकील जागा झाला होता. "खटले कुजताहेत आपल्याकडे. पूल कधी पडला माहीत आहे? त्या शहरातली पोरं तेव्हा शाळेत होती, आता त्यांना पोरं झाली. मला पंधरा मान्य आहेत."

"मान्य आहेत? आत्ता तर सही करते म्हणालात!"

"यांच्यासाठी म्हणाले होते!"

"म्हणजे आम्ही इथे यांच्यासाठी बसलोय?" मघाशी नुसती मान हलवणारा एकदम ओरडला. "मग मलाही सांगू द्या. वयाची अट मला हवीये, पंधरा नकोत. दोन्ही एकत्र बांधायची ही लबाडी आहे!"

"अगदी बरोबर, परंतु..."

"परंतु पुरे झालं तुमचं!"

तळटीप मसुद्याचे कागद मेजावर आपटत होता, कुणीतरी खुर्ची मागे सारली, ती भिंतीला लागली. पाच-सहा जण एकाच वेळी बोलत होते आणि कुणी कुणाचं संपू देत नव्हतं. धाकटी एक हात मेजावर टेकून पुढे वाकली होती. मला गलबलून आलं, आणि त्याच वेळी जिभेवर शिवशिवलं. नऊ कसे झाले त्याची एक नवीनच गोष्ट मला तिथल्या तिथे सुचली, आजवरच्या सगळ्यांपेक्षा सरस. मी बोट वर केलं. "ऐका, एकदा काय झालं..."

"थोरले, गप्प बसा हो जरा!" धाकटी माझ्याकडे न वळताच ओरडली. "तुमचं बोलून झालंय!"

आणि ती पुढे बोलत राहिली. माफी मागायला कुणी थांबलं नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी बोट खाली घेतलं, खुर्चीत मागे टेकलो, आणि गप्प बसलो.